कलिंगडाची साल आणि आइसक्रीमचा डाव

चपला काढून बसा. इथे गवतावर सगळेच अनवाणी आहेत.

तारीख २२ जुलै १९७९, वार रविवार. गाव मॅनहॅटन बीच. न्यू यॉर्कमधलं मॅनहॅटन ते वेगळं. हे लॉस एंजेलिसच्या खाली, समुद्राला खेटून वसलेलं, खाऊनपिऊन सुखी गाव. बागेचं नाव पॉलिवॉग पार्क. पॉलिवॉग म्हणजे बेडकाचं शेपटी न गळालेलं पिल्लू. बागेत तळं आहे, भोवती चादरी अंथरून बसलेली कुटुंबं आहेत. फुकट गाण्यांचा कार्यक्रम आहे, म्हणून लोक डबे भरून आलेत. तुमच्या शेजारचे आजोबा कलिंगड कापतायत. एक फोड तुमच्याही हातावर ठेवतात. घ्या. साल टाकून देऊ नका, लागेल.

खिशात मोबाइल चाचपू नका, तो इथे पोचलेला नाही. स्टेजकडे बघा. ब्लॅक फ्लॅग नावाच्या बँडचे चार जण वायरी जोडतायत. उंच, किडकिडीत, विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत शोभेल असा गिटारवाला म्हणजे ग्रेग गिन. हॅम रेडिओवाल्यांना लागणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं विकण्याचा त्याचा छोटा धंदा आहे. धंद्याचं नाव सॉलिड स्टेट ट्यूनर्स. त्याच नावाची तीन आद्याक्षरं घेऊन त्यानं नुकतीच रेकॉर्ड कंपनीही काढलीय. बेसवर चक डुकाउस्की. ड्रमवर रोबो, मूळचा कोलंबियाचा. त्याच्या मनगटात कडी आहेत, ठोक्याठोक्याला ती वाजतात आणि मायक्रोफोनला तीही ऐकू जातात. गायक कीथ मॉरिस, बुटका. त्याच्या वडिलांचं शेजारच्या हर्मोसा बीचमध्ये गळाला लावायच्या आमिषाचं दुकान आहे.

आज आमिष गिननं लावलंय. बागेच्या साहेबांनी विचारलं होतं, तुमचं संगीत कसलं? त्यानं सांगितलं, साधंच, फ्लीटवुड मॅकसारखं. फ्लीटवुड मॅक म्हणजे त्या काळातलं घराघरांत वाजणारं, कुणालाही न टोचणारं गोड गाणं. सोसायटीच्या गणपतीत भावगीतांचं नाव सांगून लाउडस्पीकर मिळवावा, तसला हा प्रकार.

पहिला ठोका पडतो आणि तुमच्या हातातली फोड थरथरते. गाणं सुरू झालं हे कळेपर्यंत ते संपलेलंही असतं. दुसरं सुरू. मॉरिस मधल्या जागेत माइकवरून गवताशी भांडण काढतो. आधी एक रिकामा डबा उडतो, मग अर्धं सँडविच, मग केळ्याची साल, मग जे हाताला लागेल ते. शेजारच्या आजोबांनी आत्ताच खाल्लेल्या कलिंगडाची साल तुमच्या कानाजवळून सूं करत जाते. तुमच्या हातात अजून तुमची आहे. फेकायची की नाही ते तुम्ही ठरवा, इतिहासात काही फरक पडणार नाही.

पण फेकण्याआधी नीट बघा, या बागेत रागावलंय कोण? चादरीवरचे बाबा लालबुंद झालेत, आई मुलाचे कान झाकतेय. आणि ज्यांच्या नावावर पुढे चार दशकं रागाचं खातं उघडलं जाणार, ते ब्लॅक फ्लॅगवाले स्टेजवर आपली खोडी जमल्याच्या खुशीत वाजवतायत.

हे जे तुम्ही ऐकलं त्याला पुढे हार्डकोर म्हणू लागले. पंक संगीत लंडन-न्यू यॉर्कमध्ये गाजलं, त्याचे कपडे, त्याची केशरचना मासिकांत आली, आणि मग ते अमेरिकेच्या उपनगरांत, मोठ्या रस्त्यांच्या आणि छोट्या गॅरेजच्या गावांत उतरलं. तिथल्या शाळकरी पोरांकडे फॅशनला पैसे नव्हते, पण दुपारचा वेळ रग्गड होता. त्यांनी तेच संगीत दुप्पट वेगानं आणि निम्म्या लांबीचं केलं. आज हार्डकोर म्हटलं की काळी-पांढरी छायाचित्रं आठवतात, फुगलेल्या मानेच्या शिरा, घाम, रक्त. ती खोटी नाहीत. पण कॅमेरा काढायच्या आधी आणि ठेवून दिल्यावर ही पोरं काय करत होती? मला विचाराल तर, टवाळी.

जवळच हॉथॉर्न नावाचं गाव आहे, बीच बॉइजचं. तिथले दोन भाऊ, जेफ आणि स्टीव्हन मॅकडॉनल्ड. धाकट्या स्टीव्हनचं वय बारा. खांद्याला बेस अडकवला की पट्टा संपतो तिथे मुलगा संपतो. ही मंडळी ब्लॅक फ्लॅगबरोबर वाजवतात, आणि गाण्यांचे विषय दप्तरातून काढलेले: शाळा नकोशी वाटते, डिस्नेच्या जुन्या कार्यक्रमातली ताई आवडते. बँडचं नाव त्यांनी ‘रेड क्रॉस’ ठेवलं. खऱ्या रेड क्रॉसनं कोर्टाची भीती घातली, तेव्हा स्पेलिंग बदलून ‘रेड क्रॉस’च ठेवलं. देवनागरीत हा विनोद दिसत नाही, त्याला इलाज नाही.

आता उत्तरेला चला, सॅन फ्रान्सिस्कोत. साल तेच, थंडीची चाहूल लागलीय आणि महापौरपदाची निवडणूक आहे. शहर दुखावलेलं आहे: आदल्या नोव्हेंबरात महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरसेवक हार्वी मिल्क यांना डॅन व्हाइट या माजी सहकाऱ्यानं गोळ्या घातल्या, आणि खुनाऐवजी सदोष मनुष्यवधावर तो सुटल्यासारखाच झाला. या निवडणुकीत एक उमेदवार आहे एकवीस वर्षांचा, ‘डेड केनेडीज’ या बँडचा गायक जेलो बियाफ्रा. त्याच्याच ड्रमरनं मोटारीत चेष्टा केली होती, एवढं तोंड चालतं तर महापौर हो. त्या रात्री दुसऱ्या एका बँडच्या मैफिलीत बसून यानं कागदी रुमालावर जाहीरनामा लिहून काढला.

तो रुमाल तुम्हाला वाचता येतोय असं समजा. शहराच्या हद्दीत उद्योगपतींनी विदूषकाचे कपडे घालावेत. लाचेसाठी अधिकृत मंडळ नेमून दर जाहीर करावेत. डॅन व्हाइटचे पुतळे ठिकठिकाणी उभारावेत आणि त्यांना मारायला अंडी-टोमॅटो उद्यान खात्यानं विकावेत. आता मधल्या दोन ओळी बघा: गस्त घालणाऱ्या पोलिसांना त्या-त्या वस्तीनं मतदानानं निवडावं, आणि रिकाम्या पडलेल्या इमारतींत बेघरांना राहू द्यावं. हसता हसता ठेच लागते ती इथे. अशी ओळ नुसती लिहिली असती तर कुणी वाचली नसती. विदूषकांच्या रांगेत उभी केली म्हणून सगळ्यांनी वाचली.

प्रचारही पाहून घ्या. विद्यमान महापौर डायन फाइनस्टाइन यांनी छायाचित्रकारांसमोर रस्ता झाडला होता. (हा प्रकार आपल्यालाही चांगला ओळखीचा आहे.) म्हणून बियाफ्रा त्यांच्या घरासमोर व्हॅक्यूम क्लीनर घेऊन उभा राहतो आणि पाचोळा गोळा करतो. ६ नोव्हेंबरला साडेसहा हजारांहून जास्त लोकांनी त्याला खरोखर मत दिलं, एकूण मतांच्या तीन टक्क्यांहून अधिक.

चार महिने पुढे सरका. २५ मार्च १९८०. शहरातल्या संगीतधंद्याचा पुरस्कार सोहळा. आयोजकांना वाटलं, नव्या पिढीचं काहीतरी हवं, म्हणून डेड केनेडीजना त्यांचं गाजलेलं गाणं वाजवायला बोलावलं. बँड येतो तो चक्क पांढरे शर्ट घालून. प्रत्येकाच्या छातीवर काळ्या रंगात मोठा इंग्रजी ‘एस’. गाणं सुरू होतं, पंधराएक सेकंदांत थांबतं. मग चौघं पाठीमागे लटकवलेले काळे टाय ओढून पुढे घेतात. टाय बरोबर ‘एस’च्या मधोमध उभा पडतो. खुर्चीत पुढे सरकून बघा, चार छात्यांवर चार डॉलरची चिन्हं. आणि मग याच प्रसंगासाठी लिहिलेलं गाणं, रेडिओवर गाणी वाजवून घ्यायला पैसे चारणाऱ्या, म्हणजे समोरच बसलेल्या लोकांवर. एवढ्या स्वस्तात एवढी मोठी फजिती मी दुसरी पाहिलेली नाही. साहित्य: चार टाय आणि काळा रंग.

हे सगळं तापलेल्या कॅलिफोर्नियातलं. मला स्वतःला जिथे जास्त रेंगाळायला आवडतं ती जागा तिकडे पूर्वेला आहे, राजधानी वॉशिंग्टनमध्ये, आणि ती थंडगार आहे. अक्षरशः. जॉर्जटाउनमधलं हागेन-डाझ आइसक्रीमचं दुकान, साल १९८१. नाव डॅनिश वाटतं ना? न्यू यॉर्कच्या एका माणसानं नुसतं डॅनिश वाटावं म्हणून जुळवलेली ती अक्षरं आहेत, कुठल्याच भाषेत अर्थ नाही. दार ढकलून आत जा. काउंटरमागे दंड फुगलेला, बारीक केसांचा एक पोरगा घट्ट आइसक्रीममध्ये डाव खुपसतोय. हा इथला मॅनेजर, हेन्री गारफील्ड. त्याचा बालमित्र इयन मकायही इथेच काम करतो. रात्री हे दोघं गातात, म्हणजे ओरडतात, आणि दिवसा विचारतात: कोन की कप?

ही पोरं नावं ठेवण्यात पटाईत. इयनचा आधीचा बँड ‘टीन आयडल्स’. उच्चारात ‘किशोरांच्या लाडक्या मूर्ती’, लिहिण्यात ‘रिकामटेकडी पोरं’. नंतरचा ‘मायनर थ्रेट’. एक अर्थ ‘किरकोळ धोका’. दुसरा, ‘मायनर’ हा शब्द आपल्या कोर्टात ‘अज्ञान’ म्हणतात त्या अर्थानं घेतला तर, ‘अज्ञान मुलांचा धोका’. यांनी काढलेल्या रेकॉर्ड कंपनीचं नाव ‘डिसकॉर्ड’, म्हणजे बेसूर, पण स्पेलिंगमध्ये एक जास्तीचं अक्षर सरकवून त्यात ‘कॉर्ड’ बसवलेला. आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांत एक आहे मी दूध पितो अशा अर्थाचं. रॉकच्या दुनियेत दारू आणि गर्दचं इतकं कौतुक चाललेलं असताना एवढा सरळ वात्रटपणा सुचायलाही डोकं लागतं.

या पोरांच्या हातांवर काळी फुली दिसेल. तिची गोष्ट बसमधली आहे. १९८० च्या उन्हाळ्यात टीन आयडल्स ग्रेहाउंड बसनं अमेरिका आडवी पार करून कॅलिफोर्नियाला गेले. सामान उचलायला हेन्री बरोबर. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मबुहाय गार्डन्समध्ये, जे मुळात फिलिपिनो हॉटेल, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना आत कसं घ्यायचं हा प्रश्न होता. मालकांनी त्यांच्या हातावर मार्करनं मोठी फुली मारली: याला दारू देऊ नये. पोरांनी ती युक्ती परत येऊन वॉशिंग्टनच्या ९:३० क्लबला सांगितली आणि लहानांना आत शिरायची सोय झाली. पुढे इयननं ४६ सेकंदांचं एक गाणं केलं, मी नशा करत नाही एवढंच सांगणारं, आणि जगभर लोकांनी त्या फुलीचं व्रत करून टाकलं. मूळची ती नाक्यावरची जकातपावती होती.

आता जमिनीवर मांडी घाला, कामाला लागायचंय. साल १९८० चा शेवट. टीन आयडल्स नोव्हेंबरात मोडला. सगळ्या कार्यक्रमांचे पैसे सिगारच्या डब्यात साठवले होते, सहाशे डॉलरच्या वर. वाटून घेतले असते तर प्रत्येकाला थोडे आले असते. त्यापेक्षा मोडलेल्या बँडची रेकॉर्ड काढू असं ठरलं. आठ गाणी, एक हजार प्रती. तबकड्या आल्या, पण तयार कव्हरं महाग. मग एका जुन्या सिंगलचं कव्हर चिकटवलेल्या कडांवर सोडवून उलगडलं, आकार गिरवून घेतला आणि मोठ्या कागदांवर छापून आणलं. समोरच्या चित्रात दोन मुठी आणि त्यांवर फुल्या. मुठी इयनच्या धाकट्या भावाच्या, फोटो आइसक्रीमच्या दुकानातल्या मैत्रिणीनं काढलेला.

कात्री घ्या. रेघेवरून कापा, कोपऱ्यात घाई करू नका. मधून घडी, नखानं दाबा. दोन्ही बाजूंचे कान आत वळवा, गोंद लावा, जास्त नको, नाहीतर आत तबकडी चिकटेल. गाण्यांच्या शब्दांचा कागद सरकवा. झालं एक. बाजूला ठेवा, दुसरं घ्या. पहिली दहा वाकडी होतात. विसाव्यापासून हात बसतो, तिसाव्यापासून गप्पा सुरू होतात, कुणीतरी कुणाची नक्कल करतं, कात्री हसण्यानं हलते आणि एक कान तिरका कापला जातो. तो तसाच चिकटवा. दिवाळीत आकाशकंदील करताना घरात जी अवकळा पसरते, कागदाच्या कातरणी, खळीचे हात, ती इथे जमिनीवर पसरलीय. अशी हजारो कव्हरं या पोरांनी हातांनी केली. संग्राहक आज ती जपून ठेवतात. तुमचं तिरकं कदाचित कुणाच्या तरी काचेच्या कपाटात असेल.

याच शहरात बॅड ब्रेन्स हा कृष्णवर्णीय तरुणांचा बँड आहे. बाकी पोरांनी यांच्याकडूनच वेग घेतला. गायक एच. आर. गाता गाता हवेत उलटी कोलांटी मारतो आणि शेवटच्या ठोक्यावर दोन पायांवर उतरतो. त्यांचा मंत्र म्हणजे ‘मनाची सकारात्मक वृत्ती’, आणि तो आला कुठून? नेपोलियन हिल यांच्या श्रीमंत कसं व्हावं सांगणाऱ्या पुस्तकातून. त्याचा मराठी अनुवाद आपल्या फुटपाथवर योगासनांच्या आणि पाककृतींच्या पुस्तकांशेजारी मांडलेला असतो. पुढच्या वेळी दिसला की एकदा हात लावून बघा. अमेरिकेतलं सगळ्यात वेगवान संगीत त्यातून निघालंय.

हेन्री मात्र आता काउंटरवर दिसणार नाही. १९८१ च्या उन्हाळ्यात तो न्यू यॉर्कला ब्लॅक फ्लॅग ऐकायला गेला, एका गाण्याला स्टेजवर चढून माइक घेतला, आणि थोड्याच दिवसांत त्या बँडचा गायक झाला. आडनाव बदलून रोलिन्स केलं. डोळे वटारलेला त्याचा फोटो म्हणजेच हार्डकोर, असं पुढे ठरलं. डाव धरलेला फोटो कुणी छापला नाही.

खेळ कुठे बिघडला तेही दाखवतो, पण फार वेळ थांबू नका. ३१ ऑक्टोबर १९८१, हॅलोविन, न्यू यॉर्क, रॉकफेलर सेंटरचा आठवा मजला. ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ थेट प्रक्षेपित होतंय. जॉन बेलुशीच्या हट्टामुळे ‘फिअर’ या बँडला बोलावलंय आणि समोर नाचायला वॉशिंग्टनची पोरं आणलीत, इयनसकट. धक्काबुक्की, उड्या, कुठूनतरी फेकलेला भोपळा, आणि न्यू यॉर्कमध्ये बसून न्यू यॉर्कच्या नावानं शिमगा. प्रक्षेपण घाईघाईनं तोडलं गेलं. वर्तमानपत्रानं नुकसान छापलं दोन लाख डॉलर; प्रत्यक्ष नुकसान त्याच्या आसपासही नव्हतं. गंमत होती. पण टीव्हीवर देशानं पाहिली ती धक्काबुक्की, आणि मग धक्काबुक्कीसाठीच येणारे आले. थोराड पोरं, कोपरं, मुठी. मुली मागे सरकल्या, काही येईनाशा झाल्या. टवाळीलाही काळी बाजू होतीच: त्या वेळच्या कित्येक विनोदी गाण्यांत समलिंगींवर, बायकांवर अशा ओळी आहेत की आज ऐकताना मान खाली जाते. पंधरा वर्षांच्या मुलाचा विनोद पंधरा वर्षांच्या मुलाइतकाच शहाणा असतो.

म्हणून शेवटी माझ्या लाडक्या मंडळींकडे, पुन्हा हर्मोसाच्या वाळूत. बँड डिसेंडंट्स, १९८१ ची पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड. सुई ठेवण्याआधी श्वास रोखून धरा. त्यातलं एक गाणं अकराएक सेकंदांचं आहे. मोटारीत बसल्या बसल्या हॉटडॉगच्या दुकानाच्या खिडकीवर दिलेली ऑर्डर, पलीकडून एक आगाऊ प्रश्न, एक सणसणीत ‘नको’, खलास. दुकानाचं नाव पुन्हा उसनं युरोपी, व्हिएन्नाच्या पदार्थाचं. श्वास सोडा. गाणं आवडलं नाही असं म्हणायलासुद्धा वेळ मिळाला नाही ना? हार्डकोरच्या वेगाचं गुपित हेच. विनोद लांबला की मरतो, हे या पोरांना कळलं होतं. सर्कल जर्क्सनी (नावाचा अर्थ विचारू नका, घरात मुलं असतील) पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी १५ मिनिटांत उरकली. तेवढ्यात चार माणसांचा चहा होतो.

डिसेंडंट्सचा गायक माइलो ऑकरमन चष्मिस होता. वर्गातली मुलं त्याची चित्रं काढून चिडवत: उभट डोकं, चौकोनी चष्मा, शर्ट, टाय. १९८२ साली माइलो जीवशास्त्र शिकायला निघाला तेव्हा बँडनं तेच चित्र अल्बमवर छापलं आणि नाव दिलं ‘माइलो कॉलेजला जातो’. रॉकच्या इतिहासात बँड मोडण्याची कारणं म्हणजे मृत्यू, दारू, पैसा. इथे प्रवेश मिळाला म्हणून. त्यानं पुढे जीवशास्त्रात पीएच.डी. केली. चिडवायचं चित्र मात्र लोकांनी दंडावर गोंदवून घेतलं.

परत निघण्याआधी रेकॉर्डच्या दुकानातून एक वस्तू घ्या. डेड केनेडीजची १९८१ ची ‘इन गॉड वी ट्रस्ट, इन्क.’ ही कॅसेट. त्या काळात रेकॉर्ड कंपन्या कपाळ बडवत होत्या की घरी कॅसेटवर गाणी उतरवून घेणारे लोक आमचा धंदा बुडवतायत. म्हणून या बँडनं सगळी गाणी एकाच बाजूला भरली आणि दुसरी बाजू मुद्दाम कोरी ठेवली. का, तेही छापलंय: तुम्हाला घरी काहीतरी उतरवून घेता यावं, आमचा हातभार म्हणून.

घरी पोचलात? कलिंगडाची साल अजून हातात असेल तर ओल्या कचऱ्यात टाका. कॅसेट उलटी करून बघा, ती बाजू कोरीच आहे. टेपरेकॉर्डर माळ्यावर असेल, काढा.